कृपया आहेर पाठवू नये

लग्नपत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ ग्वाल्हेरातल्या कोणत्याही मराठी माणसाला विचारा. तो क्षणाचाही विचार न करता सांगेल की आहेर आणायचा आहे, फक्त भांडी नकोत. 'आपली उपस्थिती हाच आहेर' असं असेल तर पाकीट जरा जाड हवं. आणि काहीच छापलेलं नसेल तर ती मंडळी आपल्यातली नव्हेत, त्यांच्याकडे जेवून परत यावं.

आमच्या पिढ्यान्‌पिढ्या या समजुतीवर सुखाने नांदल्या. मीही नांदत होतो. पण याच समजुतीपायी आमची खोक्यांची फॅक्टरी मोडून तिथे मॅरेज गार्डन उभं राहायची वेळ आली, आणि त्या गार्डनच्या मॅनेजरची जागा मला प्रेमाने देऊ करण्यात आली. हे सगळं माझ्या हातून झालं असं लोक म्हणतात. मी एवढंच म्हणेन की माझ्या हातून फक्त फोन झाले.

आमची फॅक्टरी पुठ्ठ्याची खोकी बनवते. मालक जयसिंहराव. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून तलवार घेऊन लष्कराबरोबर आले, माझे पूर्वज त्या लष्कराचा पत्रव्यवहार सांभाळायला आले. तलवारी गेल्या, पत्रव्यवहार राहिला. म्हणून आज जयसिंहराव खोकी बनवतात आणि मी, शरच्चंद्र दप्तरदार, ती खोकी कुठे गेली आणि का पोचली नाहीत याची उत्तरं देतो. या खात्याला डिस्पॅच म्हणतात.

तर शहराबाहेर एका पुण्याच्या पंप कंपनीने नवा कारखाना टाकायला घेतला. पंप म्हटला की खोकं आलंच. जयसिंहरावांनी भाव कळवला. पुण्याहून उत्तर आलं की आम्हाला नुसता माल विकणारा नको आहे, दीर्घकालीन सहयोगी हवा आहे. आमचा व्यवहार खरेदीचा नसून नात्याचा आहे. आपल्याकडे हे नातं कोण सांभाळतं, त्यांचं नाव कळवावं.

जयसिंहरावांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"दप्तरदार, आपल्याकडे नातं कोण सांभाळतं?"

"बँकेचं का?"

"सगळ्यांचंच. पुणेवाले विचारून राहिले आहेत." मग त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचं मराठी बरं आहे. तुम्हीच व्हा."

अशा रीतीने मी 'प्रमुख, सहयोगी संबंध' झालो. कार्डं छापली. टेबल डिस्पॅचमधून उचलून दर्शनी हॉलमध्ये, पंख्याखाली आलं. पन्नाशी उलटल्यावर माणसाच्या डोक्यावर पंखा येणं ही काय चीज आहे, हे ज्याने आयुष्य पुठ्ठ्याच्या धुळीत काढलं त्यालाच कळेल.

"काम काय करायचं?" मी विचारलं.

"व्याही कसे सांभाळतात?" जयसिंहराव म्हणाले. "तसंच. मान द्यायचा, मान घ्यायचा, आणि मुलीबद्दल काही बोलले तर ऐकून घ्यायचं."

मुलगी म्हणजे खोकं, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

आता राजवर्धनबद्दल सांगायला हवं. हा जयसिंहरावांचा मुलगा. त्याला खोक्यांत रस नाही. त्याचं म्हणणं असं की ग्वाल्हेरात माणूस एक वेळ पंप घेणार नाही, पण लग्न करणारच. तेव्हा फॅक्टरीच्या जागेवर मॅरेज गार्डन काढावं. बापलेकांत शेवटी ठरलं होतं की पुण्याचा करार झाला तर फॅक्टरी राहील, नाही झाला तर गार्डन. माझ्याशी त्याचं वैर मुळीच नव्हतं. उलट तो म्हणाला, "काका, टेन्शन मत लो. गार्डन झालं तरी तुम्ही आहातच. वरपक्ष सांभाळायला आपल्याला सीनियर माणूस लागेलच न." त्या दिवसापासून मी करारासाठी जिवाचं रान केलं.

पुण्याची मंडळी पाहणीला आली. बोलण्याचं काम सीमंतिनी नावाच्या एक तरुण बाई करत होत्या. हातात टॅब, पायांत बूट, आणि वाक्य सुरू केलं की ते संपवण्याची सवय, जी आमच्याकडे कोणालाच नाही. त्यांनी खोकी दाबून पाहिली, एकावर स्वतः उभ्या राहिल्या. खोकं दबलं नाही. जयसिंहरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना बाई म्हणाल्या, "आम्हाला तुमचं काम आवडलं. आमचं पार्टनर धोरण पाठवते. ते नीट वाचा, एमडींच्या सहीने करार महिनाअखेर करू."

ते धोरण आलं. मी ते नीट वाचलं, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे याबद्दल बराच अपप्रचार झाला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की सहयोगी संस्थेने आमच्या कोणाही अधिकाऱ्यास कसलीही भेटवस्तू पाठवू नये. अपवाद फक्त नाशवंत खाद्यपदार्थांचा, तेही ऑफिसात सगळ्यांना वाटून खाण्यापुरते.

मी ते केबिनमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. जयसिंहराव होते, त्यांच्या पत्नी मंदाताई होत्या, राजवर्धन मोबाइलमध्ये होता.

"खानदानी लोक आहेत," जयसिंहराव म्हणाले.

"किती सभ्यपणे लिहिलंय," मंदाताई म्हणाल्या. "आपल्याकडे नुसतं 'आणू नये' छापतात. यांनी कारणंसुद्धा दिलीत."

राजवर्धन मान वर न करता म्हणाला, "पापा, लिखा है तो मत भेजो न."

"तुझ्या लग्नाच्या पत्रिकेवर काय छापलं होतं?" मंदाताईंनी विचारलं. "आणि मिक्सर किती आले? आणि पाटणकरांनी खरंच काही आणलं नाही, तर आजपर्यंत त्यांचं नाव कोण काढतं?"

"तूच काढतेस."

"मग."

आहेर पाठवायचा हे तिथेच ठरलं. तरी मी, जबाबदार पदावरचा माणूस म्हणून, दर्पण कॉलनीतले आमचे शेजारी मधुसूदनराव यांचा सल्ला घेतला. मधुसूदनराव ऑडिटमधून निवृत्त झाले. त्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या कामावर आक्षेप घेण्यात गेलं. आता ते कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीवर घेतात.

ते म्हणाले, "शरदराव, दोन संस्थांमधलं नातं कशावर टिकतं सांगा."

"विश्वासावर."

"छे. प्रलंबित प्रकरणावर. मी एका खात्यावर आक्षेप काढला होता. वीस वर्षं पत्रव्यवहार चालला. ते लोक माझ्या मुलीच्या लग्नाला आले. मग कोणी तरी मूर्खाने आक्षेप मिटवला. आता रस्त्यात ओळख देत नाहीत." त्यांनी चहा संपवला. "आहेर जरूर पाठवा. आहेर गेला की परतीचा आहेर त्यांच्यावर निघतो. प्रकरण उघडं राहतं."

सरकारी अनुभवापुढे मी मान तुकवली.

आहेर मंदाताईंनी ठरवला. बायकांना चंदेरी साड्या, पुरुषांना शेले, आणि एमडींना आपल्या इथली पगडी. पगडीला डोक्याचं माप लागतं. ते मिळवण्याचं काम साहजिकच सहयोगी संबंधांकडे आलं. मी सीमंतिनीबाईंना फोन लावला आणि हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "आपल्या एमडीसाहेबांचं डोकं केवढं आहे?"

"काय?" पलीकडून आलं.

"म्हणजे साइझ," मी म्हटलं. "इकडे तयारी करून राहिलो आहोत."

"ओह, प्लांट व्हिजिटसाठी," त्या म्हणाल्या. "सेफ्टी हेल्मेट. फारच काळजी घेता तुम्ही. मीडियम लिहा." आणि त्यांच्या आवाजात प्रथमच आदर आला. मी तो आदर हातचा जाऊ दिला नाही.

राहिलं गोड. बाजारची मिठाई मंदाताईंना पटेना. विकतचं दिलं म्हणजे उरकलं असं दिसतं. तेव्हा आमच्या हिने, शरयूने, बेसनाचे लाडू केले आणि आपल्या मोठ्या स्टीलच्या डब्यात भरून दिले. हा डबा तिच्या माहेरचा. त्याच्या पोटावर आणि झाकणावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत 'सौ. शरयू दप्तरदार' असं कोरलेलं आहे. आमच्या घरात माझं नाव फक्त विजेच्या बिलावर आहे, हेही इथेच सांगून टाकतो.

"अहो, डबा परत यायला हवा," ती म्हणाली.

"शरयू, ही दोन कंपन्यांमधली भागीदारी आहे."

"असू दे. डबा परत यायला हवा. झाकणासकट."

सगळं आमच्याच पाचपदरी खोक्यात भरलं. जयसिंहरावांनी खोक्यावरून हात फिरवला. मुलीची पाठवणी करताना माणूस जसा दिसतो तसे ते दिसत होते. कुरियरवाला खोकं उलटं धरून घेऊन गेला.

त्यानंतर पुण्याहून काही आलं नाही. आठवडा गेला. जयसिंहराव म्हणाले, भारावले असतील. मंदाताई म्हणाल्या, परतीचा आहेर निवडायला वेळ लागतो. मी म्हटलं, पुण्यात चंदेरीच्या तोडीचं काही मिळत नसेल.

मग सीमंतिनीबाईंचा फोन आला.

"दप्तरदारसर, तुम्ही आमचं धोरण वाचलं होतं ना?"

"दोनदा. फार सुंदर लिहिलं आहे."

"मग त्या साड्या?"

"त्यात काय, घरचंच आहे."

"सर, आमच्याकडे नियम असा आहे की भेटवस्तू आली तर ती परत पाठवायची, आणि सगळं परत मिळालं अशी तुमच्या मालकांची सहीशिक्क्याची पोच घ्यायची. पोच आल्याशिवाय करार एमडींच्या टेबलावर जाऊ शकत नाही. आणि महिनाअखेरपर्यंत झालं नाही तर आम्हाला दुसऱ्या कोणाकडे जावं लागेल. मला हे मनापासून नको आहे, पण माझ्या हातात नाही."

"आणि लाडू?"

"लाडू नाशवंत. ते वाटून खाल्ले. खूप छान होते."

"डबा?"

"पार्सलमध्ये आहे," असं त्या फार घाईने म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी पंख्याखाली बसून राहिलो. आपल्याकडे परत आलेला आहेर म्हणजे काय, हे त्या बाईंना मी कसं सांगणार? सोयरीक मोडली तरी माणसं आहेर परत करत नाहीत. घटस्फोट झालेली जोडपी मी पाहिली आहेत. दोघं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण लग्नात आलेला डिनर सेट दोघांपैकी कोणाकडे तरी असतो. आहेर परत करणं म्हणजे तुमच्याशी आमचा कधी संबंधच नव्हता, असं दवंडी पिटून सांगणं. पुण्यात त्याला पारदर्शकता म्हणतात.

पार्सल आलं तेव्हा जयसिंहराव गेटवरच उभे होते. त्यांनी ते नुसतं पाहिलं.

"दप्तरदार, हे खोकं कोणाचं?"

खोकं दुसऱ्याच कुठल्या तरी फॅक्टरीचं होतं. तेही तीनपदरी.

"परक्याच्या खोक्यात," जयसिंहराव म्हणाले, आणि वळून दरवान दौलतसिंहला हुकूम दिला, "हे उंबऱ्याच्या आत येणार नाही. आणि कोणी उघडणारही नाही. उघडलं म्हणजे घेतलं."

"बाहर फेंक दूँ, हुकुम?"

"नाही. त्यात आपली पगडी आहे."

तेव्हा ते खोकं ना आत ना बाहेर, बरोबर गेटमध्ये राहिलं. एक दिवस ट्रक अडले. दुसऱ्या दिवसापासून ट्रक त्याला वळसा घालून जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी दौलतसिंह त्यावर बसून बिडी ओढताना दिसला. मी हटकलं तर म्हणाला, साहेब, उघडायचं नाही एवढंच सांगितलंय, बसायचं नाही असं नाही. मी या युक्तिवादाकडे ऑडिटच्या नजरेने पाहिलं. निर्दोष होता.

इकडे महिनाअखेर जवळ येत चालली. मी जयसिंहरावांकडे पोचेचा कागद घेऊन गेलो. त्यांनी मला त्यांच्या पूर्वजाची गोष्ट सांगितली. त्याचा शेला दरबारातून परत आला म्हणून त्याने जहागिरीवर पाणी सोडलं होतं.

"मग पुढे त्यांचं काय झालं?" मी विचारलं.

"कर्जात मेले. पण पोच नाही दिली."

मी मधुसूदनरावांकडे गेलो. त्यांनी मोठ्या उत्साहाने 'निषेधपूर्वक पोच' असा मसुदा करून दिला. त्यात 'सबब', 'तथापि' आणि 'वरील परिस्थितीत' हे शब्द इतक्या वेळा होते की पार्सल मिळालं की नाही हे शेवटपर्यंत कळत नव्हतं. सीमंतिनीबाईंना तो चालला नाही, कारण तो त्यांना कळला नाही. जयसिंहरावांना चालला नाही, कारण तो त्यांना कळला. मंदाताई तर कोणाशीच बोलत नव्हत्या. साड्यांची निवड त्यांची होती.

राजवर्धनने मात्र वेळ वाया घालवला नाही. एक दिवस मी हॉलमध्ये शिरलो तर दोन माणसं फीत घेऊन माझ्या टेबलाभोवती मोजमाप करत होती. बरोबर डेकोरेटर होता.

"काका, जरा उठता का?" राजवर्धन म्हणाला. "स्टेज इथे येतंय."

"आणि माझं टेबल?"

"बरोबर इथेच नवरानवरी. पंखा चांगला आहे न इथे."

डेकोरेटरने माझ्याकडे पाहून विचारलं, "ये फिक्स हैं क्या?" टेबलाबद्दल विचारलं असावं. राजवर्धन म्हणाला, "अभी देखते हैं."

त्या दिवशी घरी गेलो तो दारातच शरयूने विचारलं, "डबा आला?"

माझा संयम सुटला. मी तिला म्हटलं की इथे एक कंपनी बुडते आहे, दोन संस्थांमधला सेतू कोसळतो आहे, माझ्या टेबलावर नवरानवरी बसणार आहेत, आणि तुला डब्याचं पडलंय.

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आलाय."

"आलाय. पण खोक्यात आहे. खोकं गेटमध्ये आहे. ते उघडता येत नाही."

"का? चावी नाही?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"परवा माझ्याकडे भजनी मंडळ आहे," शरयू म्हणाली. "एवढ्या बायकांचा चिवडा मी तत्त्वात भरू का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचेच्या कागदाचा सातवा की आठवा खर्डा लिहीत असताना गेटवर रिक्षा थांबली. शरयू उतरली. तिने पर्स काखेत नीट धरली, दौलतसिंहला म्हणाली, "भैया, उठो ज़रा," आणि तो उठला. मालकांसाठी तो इतक्या चटकन उठलेला मी पाहिलेला नाही. मग तिने पर्समधून भाजीची सुरी काढली.

मी धावलो. पण माझ्या आधी जयसिंहराव पोचले होते, त्यांच्यामागे मंदाताई.

"शरयूवहिनी, थांबा," जयसिंहराव म्हणाले. "ते उघडायचं नाही. आमच्या घराण्याच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

"राव, तुमच्या इभ्रतीला मी हात लावत नाही," शरयू म्हणाली. "फक्त डबा काढून घेते. तो आमचा आहे. नाव घातलंय."

नाव घातलेलं भांडं ही अशी मालमत्ता आहे की तिच्यावर कोणतीही सत्ता चालत नाही. शरयूने चिकटपट्टी कापली. वरचे शेले बाजूला सारले, पगडी अलगद उचलून दौलतसिंहच्या हातात दिली. त्याने ती कुठे ठेवावी न सुचून स्वतःच्या डोक्यावर ठेवली. तळाशी डबा होता. तो दोन्ही हातांनी उचलला, आणि ती थबकली.

"जड आहे," ती म्हणाली.

"म्हणजे लाडूसुद्धा परत," मंदाताई इतक्या दिवसांत प्रथमच बोलल्या.

शरयूने झाकण काढलं. आत चिवडा होता. पातळ पोह्यांचा, गळ्यापर्यंत भरलेला. त्यात तळलेल्या खोबऱ्याचे काप होते, एकसारखे नाही, काही जाड, काही पातळ, काही थोडे करपलेले.

ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, तो अर्ध्यावरच थांबवला.

"घरचा आहे," शरयू म्हणाली. "दुकानातलं खोबरं असं कापत नाहीत."

मंदाताई पुढे झाल्या. त्यांनी चिमूटभर चिवडा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला.

"साखर जास्त झाली," त्या म्हणाल्या. "पुण्याचाच."

जयसिंहराव डब्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचे पूर्वज एकेक करून मागे हटताना मला दिसले.

"डबा रिकामा नाही पाठवला," ते हळूच म्हणाले.

"रिकामा डबा कोण परत करतं?" शरयू म्हणाली. "माणसंच आहेत ती."

"दप्तरदार," जयसिंहराव म्हणाले, "मग हा आहेर परत आलेला नाही. आपला डबा भरून आला आहे. त्याबरोबर आपलं काही सामानही आलं आहे. असं होतं कधीकधी. कागद आणा."

मी कागद आणला. त्यांनी त्याच परक्याच्या तीनपदरी खोक्यावर ठेवून सही केली, तेव्हा पेन पुठ्ठ्यातून आरपार गेलं आणि ते अधिकच खूश झाले. दौलतसिंह पगडी घालून शेजारी उभा होता. राजवर्धन वरच्या खिडकीतून हे पाहत होता. त्याने फीतवाल्यांना हाताने नुसतं "जाने दो" असं केलं आणि खाली येऊन चिवडा घेतला.

तेवढ्यात शरयू म्हणाली, "अहो, हे झाकण माझं नाही."

सगळ्यांनी पाहिलं. झाकण डब्याला चपखल बसत होतं. पण त्यावर ठिपक्यांच्या अक्षरांत कोरलं होतं, 'चि. अंबरीशच्या मुंजीप्रीत्यर्थ'.

मी सीमंतिनीबाईंना फोन लावला. पोच मिळाली म्हटल्यावर त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. मग मी म्हटलं, "मॅडम, धोरणाप्रमाणे मला एक गोष्ट कळवायला हवी. आपल्याकडून आम्हाला भेट मिळाली आहे. चिवडा."

"नाशवंत," त्या ताबडतोब म्हणाल्या. "वाटून खा." मग आवाज खाली आला. "सर, ऑफिसला कळवू नका हं. मी घरून आणला होता. रिकामा डबा कसा पाठवायचा?"

"बरोबर आहे. आणि हा अंबरीश कोण?"

पलीकडे पुण्याची ती पूर्ण वाक्यं बोलणारी बाई प्रथमच अडखळली. "अरे देवा. ते झाकण तिकडे आलंय? मी ते घरभर... सर, अंबरीश माझा भाऊ. तो डबा आईचा आहे. तुमचा डबा मी घरी नेऊन भरला, तेव्हा झाकणं बदलली असणार. आई रोज विचारते."

"आमच्याकडेही," मी म्हटलं.

करार झाला. एमडी स्वतः आले. पगडी त्यांना देता येत नव्हती, पण सीमंतिनीबाईंनी धोरणाचं शेवटचं पान काढलं. पाहुण्याने प्लांटमध्ये फिरताना यजमान संस्थेने दिलेलं शिरस्त्राण घालावं आणि जाताना गेटवर परत करावं. एमडी सगळ्या फॅक्टरीत पगडी घालून फिरले. मीडियम बरोबर बसली. जाताना त्यांनी ती गेटवर जमा केली आणि दौलतसिंहने पोच दिली. जयसिंहरावांनी आमच्या पाचपदरी खोक्यावर उभं राहून निरोपाचं भाषण केलं. राजवर्धनने मॅरेज गार्डनसाठी मुरारला जागा बघितली आहे. तिथल्या गिफ्ट पॅकिंगची खोकी आम्ही देणार आहोत. तो आमचा सहयोगी आहे.

माझं टेबल पंख्याखालीच आहे. दर तिमाहीला दोन्ही कंपन्यांची संबंध-आढावा बैठक होते. भाव, माल, तक्रारी असं सगळं होतं, आणि शेवटी झाकणाचा विषय निघतो. नुसतं झाकण कुरियरने पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून पहिल्या खेपेला इकडून डबा भरून गेला, अंबरीशचं झाकण लावून. तिकडून तो भरून आला, अंबरीशचंच झाकण लावून, कारण सीमंतिनीबाईंच्या म्हणण्याप्रमाणे शरयूचं झाकण 'अजून सापडत नाहीये'. दुसऱ्या खेपेला शंकरपाळे आले. तिसऱ्या खेपेला आमच्याकडची तिळगुळाची गजक गेली. मालाचे पैसे वेळेवर येतात, खोक्याबद्दल मतभेद झाला तर एका फोनवर मिटतो.

मी मधुसूदनरावांना हे सांगितलं. ते म्हणाले, "शरदराव, ते झाकण सापडू देऊ नका."

मागच्या बैठकीला मी पुण्याला गेलो होतो. सीमंतिनीबाईंनी टेबलाचा खण उघडून मला दाखवला. आत, नॅपकिनमध्ये गुंडाळून, 'सौ. शरयू दप्तरदार' होतं. आम्ही दोघांनी ते जरा वेळ पाहिलं. मग त्यांनी खण बंद केला आणि आढाव्याच्या कागदावर लिहिलं: शोध चालू आहे.

घरी आलो. शरयूने दारातच विचारलं, "झाकण आलं?"

"शोध चालू आहे," मी म्हटलं, आणि तिच्या हातात डबा दिला. तिने तो उचलून पाहिला. जड होता.

"बरं," ती म्हणाली. "बेसन घेऊन या."